दिवस-रात्रीचा वीज मीटर: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे दर आणि नियम हेस्कॉमच्या (हुबळीच्या वीज वितरण कंपनीच्या) घरगुती, म्हणजे एलटी-१ वर्गातल्या जोडण्यांचे आहेत आणि आकडे २०२५-२६ चे आहेत. दर साधारणपणे एप्रिलमध्ये बदलतात. तेव्हा हिशेबाची पद्धत तीच ठेवा आणि त्यात चालू दर घाला.

१. दिवस-रात्रीचा मीटर म्हणजे काय? घरात दोन मीटर बसवावे लागतात का?

नाही, मीटर एकच असतो. त्यात घड्याळ असतं आणि वापर वेळेप्रमाणे वेगवेगळ्या खात्यांत नोंदवला जातो. किराणा दुकानदार एकाच वहीत सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची उधारी वेगळ्या पानांवर लिहितो, तसंच. महिनाअखेरीस प्रत्येक पानाला त्याचा दर लावून बिल होतं. कार्यालयात याला 'टीओडी' म्हणतात. हल्ली बसतात ते स्मार्ट मीटर हे काम मुळातच करतात, त्यांना वेगळा भाग जोडावा लागत नाही. जुना, चकती फिरणारा मीटर हे करू शकत नाही. साधा डिजिटल मीटर करतो की नाही ते त्याच्या पडद्यावर कळतं: बटण दाबत गेल्यावर एकूण युनिटनंतर टी१, टी२, टी३ असे आकडे आले तर वेळेची खाती आहेत.

२. रात्रीची वीज स्वस्त असते ना? मग मोटर आणि इस्त्री रात्री दहानंतर लावली तर?

हा समज जुन्या दिवसांतला आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. कर्नाटकात मोठ्या उद्योगांच्या दरांत संध्याकाळी ६ ते १० जादा आकार आणि रात्री १० ते सकाळी ६ सवलत, अशी घडी वर्षानुवर्षं होती. औष्णिक केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून ती वीज खपवायची असे.

आता चित्र उलटं आहे. तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडच्या सौर प्रकल्पाचीच क्षमता २,०५० मेगावॅट आहे. दुपारी वीज भरपूर असते आणि सूर्य मावळला की टंचाई सुरू होते. म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीत स्वस्त वेळ दिवसाची धरली आहे. 'सौर तास' म्हणून दिवसातले आठ तास राज्याच्या नियामक आयोगाने ठरवायचे आणि त्या वेळेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा. घरगुती ग्राहकांना जास्त मागणीच्या वेळेचा दर नेहमीच्या किमान १.१० पट. ही महाग वेळ सौर तासांपेक्षा लांब ठेवता येत नाही. थोडक्यात, नव्या घडीत रात्री अकराचा दर नेहमीचा असू शकतो, पण सर्वात स्वस्त बहुधा दुपारचा असेल.

३. कोल्हापूरच्या पाहुण्यांना दिवसाच्या वापरावर सवलत मिळते. आम्हालाही मिळेल का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि त्याचं कारण सरळ आहे: बातमी मराठीत वाचायची आणि बिल हुबळीच्या कंपनीचं भरायचं. महाराष्ट्रात टीओडी मीटर बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. तो आदेश महाराष्ट्राच्या आयोगाचा आहे. तुमचे दर बेंगळुरूमधला कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. वीज कोणाच्या खांबावरून येते, त्यावर दर ठरतो. कागल किंवा चंदगडमध्ये तुमचं दुसरं घर असेल तर त्या घराला ती सवलत लागू होईल, निपाणीच्या घराला नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता कुठला आहे ते आधी बघा. त्यावर महावितरण लिहिलं असेल तर तो आपल्यासाठी नाही.

४. मग आज हेस्कॉमचा मीटर बदलून घेतला तर बिल कमी होईल का?

नुसता मीटर बदलून बिलात काही फरक पडत नाही. मीटर फक्त मोजतो, पैसे दरपत्रकावर ठरतात. २०२५-२६ च्या दरपत्रकात घरगुती वर्गाला युनिटमागे मूळ दर एकच आहे, ५ रुपये ८० पैसे. शिवाय मंजूर भाराच्या (तुमच्या जोडणीला मंजूर झालेल्या कमाल किलोवॅटच्या) दर किलोवॅटला महिन्याला १४५ रुपये स्थिर आकार आणि युनिटमागे ३६ पैसे निवृत्तिवेतन अधिभार. मूळ दर एकच असताना वेळेच्या खात्यांत कितीही बारकाईने नोंद झाली तरी बेरीज तीच येते.

म्हणून मीटरसाठी पैसे भरण्यापूर्वी कार्यालयात तीन गोष्टी लेखी विचारा: चालू दरपत्रकात एलटी-१ ला वेळेप्रमाणे दर आहे का, वेळा कोणत्या, आणि प्रत्येक वेळेचा दर किती. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर थांबा. 'हो' आलं तर प्रश्न ५ आणि ६ मधला हिशेब करा आणि मगच अर्ज द्या.

५. आमचं बिल गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) शून्य येतं. आम्ही काय करावं?

काहीही करू नका. शून्यातून सवलत वजा होत नाही.

पण गृहज्योतीची मर्यादा नीट समजून घ्या, कारण या भागातल्या बहुतेक घरांना दिवस-रात्रीच्या दरापेक्षा हीच मर्यादा जास्त महागात पडते. तुमचा हक्क सरसकट २०० युनिटांचा नाही. २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी अधिक १० टक्के, इतकाच तो आहे. सरासरी १२० असेल तर हक्क १३२ युनिटांचा. सरासरी ४८ पेक्षा कमी असलेल्यांना २०२४ पासून टक्केवारीऐवजी सरळ १० युनिट जादा मिळतात. नवीन घराला, जिथे वर्षाची सरासरीच नाही, ५८ युनिट. हक्कापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल आपल्या माथी.

हा कडा किती खोल आहे ते पाहा. मंजूर भार ३ किलोवॅट आणि वापर २१० युनिट धरा: वीज आकार १,२१८ रुपये, स्थिर आकार ४३५, अधिभार ७५.६०, वीज आकारावर ९ टक्के कर सुमारे ११०. एकूण १,८०० च्या वर, आणि इंधन समायोजन असेल तर ते वेगळं. ज्यांचा हक्क २०० च्या आसपास आहे त्यांना शेवटचे दहा युनिट एवढ्याला पडतात. कोणत्याही मीटरने इतकी बचत होत नाही. मे महिन्यात २० तारखेला मीटर वाचून ठेवा, शेवटचे दहा दिवस कूलर आवरता येतो.

६. आमचा वापर दर महिन्याला २५०-३०० युनिट आहे. वेळेप्रमाणे दर लागला तर किती वाचेल?

केंद्राच्या नियमातले किमान आकडे घेऊन हिशेब मांडू. नेहमीचा दर ५.८० धरला तर सौर तासांचा ४.६४ आणि महाग वेळेचा ६.३८ होतो. म्हणजे दुपारच्या प्रत्येक युनिटला १ रुपया १६ पैसे वाचतात आणि संध्याकाळच्या प्रत्येक युनिटला ५८ पैसे जास्त जातात. १.१६ हे ५८ पैशांच्या बरोबर दुप्पट आहे. त्यामुळे दुपारचा वापर संध्याकाळच्या वापराच्या निम्मा असेल तर बिल आहे तिथेच राहतं. निम्म्याहून कमी असेल तर वाढतं.

उदाहरणार्थ २६० युनिट: दुपारी ६०, संध्याकाळी १००, बाकी १०० इतर वेळी. दुपारचे वाचले ६९.६०, संध्याकाळचे वाढले ५८. हातात ११ रुपये ६० पैसे. आता संध्याकाळचे ४० युनिट दुपारी सरकवा: वाचले ११६, वाढले ३४.८०, हातात ८१ रुपये २० पैसे.

मीटरचा आणि बसवणीचा खर्च समजा ५,००० रुपये आला आणि तो तुम्हालाच भरावा लागला, तर ८१ रुपयांनी तो फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि घर संध्याकाळी सहाला उघडणारं असेल, तर ४० युनिट सरकवणंही अवघड. दिवसा घरात माणूस असलेल्या आणि दुपारी हलवता येईल असा जड वापर असलेल्या घरालाच हे परवडतं.

७. बिल कन्नडमध्ये असतं. त्यात काय कुठे बघायचं?

सगळं वाचता आलं नाही तरी चालेल, सात-आठ शब्द ओळखू आले की पुरे. वरच्या भागात आर.आर. नंबर (जोडणीचा क्रमांक) आणि खाते क्रमांक. 'इंदिन मापन' म्हणजे आजचं रीडिंग, 'हिंदिन मापन' म्हणजे मागचं. 'मापन स्थिरांक' म्हणजे गुणक, साध्या घरगुती मीटरला तो १ असतो. दुसरा आकडा दिसला तर लगेच विचारा. 'बळके' म्हणजे वापर, 'सरासरी' म्हणजे सरासरीच. 'निगदित शुल्क' हा स्थिर आकार, 'विद्युत शुल्क' हा वीज आकार, 'तेरिगे' म्हणजे कर, 'बाकि' म्हणजे थकबाकी. बहुतेक ओळींत शेजारी इंग्रजी संक्षेपही असतो.

वेळेप्रमाणे बिल असेल तर प्रत्येक खात्याचं मागचं आणि आजचं रीडिंग वेगळं दिसायला हवं. सगळ्या खात्यांच्या वापराची बेरीज आणि एकूण वापर यांत एखाद्या युनिटापेक्षा जास्त फरक असेल तर नोंद चुकली आहे.

८. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

तुमच्या भागाच्या हेस्कॉम सब-डिव्हिजन कार्यालयात, सहायक कार्यकारी अभियंत्यांच्या नावे. कोणतं सब-डिव्हिजन ते बिलावर असतं. सोबत शेवटचं बिल, थकबाकी नसल्याची पावती आणि ओळखपत्राची प्रत. अर्जात आर.आर. नंबर, वर्ग, मंजूर भार आणि 'वेळेप्रमाणे दर असलेला मीटर हवा' एवढं एक वाक्य पुरे. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिला की टेबलावर अडकत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

अडतं ते बहुधा नावावर. बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. आधी नाव बदला: मृत्यूचा दाखला, वारसाचा किंवा घराचा उतारा, बाकी वारसांची संमती. नाव बदलताना गृहज्योतीची नोंद नव्या नावाने पुन्हा करावी लागेल का, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. नाहीतर पुढचं बिल पूर्ण रकमेचं येतं आणि धक्का बसतो.

आतलं वायरिंग बदलायचं असेल तर काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि पावती घ्या.

९. मीटर बदलायला माणसं आली की काय बघायचं?

जुना मीटर काढण्याआधी त्याच्या पडद्याचा फोटो काढा, शेवटचं रीडिंग आणि मीटरचा क्रमांक दोन्ही एकाच फोटोत दिसतील असा. नवा बसल्यावर त्याचाही फोटो: सुरुवातीचं रीडिंग, क्रमांक, सील. नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग शून्य नसलं तरी घाबरू नका, चाचणीचे एक-दोन युनिट असू शकतात. फक्त ते पावतीवर लिहिलेलं हवं.

मग पडद्यावर तारीख आणि वेळ येईपर्यंत बटण दाबा आणि मोबाइलशी ताडून पाहा. साध्या मीटरला घड्याळ चुकलं तरी फरक पडत नाही, इथे पडतो. घड्याळ दोन तास मागे असेल तर तुमच्या दुपारी तीन ते पाचच्या वापराचे युनिट एक ते तीनच्या नावावर पडतील, आणि रात्री दहानंतरचा वापर महाग वेळेत मोजला जाईल.

शेवटी तारांची टोकं. टर्मिनलचे स्क्रू सैल राहिले तर तिथे उष्णता होते आणि काही महिन्यांत मीटरचं खालचं झाकण करपतं. ॲल्युमिनियमची जुनी तार असेल तर हे हमखास. झाकण लावून सील करण्याआधी प्रत्येक तार हलवून बघायला सांगा. सील झाल्यावर तुम्ही हात लावायचा नाही.

पहिल्या महिन्याचं बिल दोन मीटरचं मिळून येतं. चुका इथेच होतात. जुन्याचं शेवटचं रीडिंग चुकीचं चढलं की वापर एकदम फुगतो.

१०. नवा मीटर जोरात पळतो. घरी तपासता येतो का?

येतो, दहा मिनिटांत. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा असतो. एका युनिटला तो इतक्या वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगसुद्धा काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. दिवा थांबला पाहिजे. थांबत नसेल तर कुठेतरी करंट झिरपतो आहे: भिजलेली भिंत, बाथरूममधला जुना गिझर, विहिरीवरच्या मोटरची सोललेली केबल. आता मेन स्विचही बंद करा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये काहीतरी जोडलेलं आहे, नाहीतर मीटरमध्येच दोष आहे.

मग १,००० वॅटची थंड इस्त्री एकटीच लावून एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर ५३ वेळा लुकलुकायला हवं. आपल्याकडे खेड्यांत व्होल्टेज कमी असतं; २१० व्होल्टला तीच इस्त्री सुमारे ८३० वॅट घेते आणि आकडा ४४ च्या आसपास येतो. ४४ ते ५५ मध्ये आला तर मीटर ठीक. ७० आला तर तक्रार करा (प्रश्न २१).

अर्थची खूण किंवा दुसरा एखादा दिवा सतत पेटलेला दिसला तर न्यूट्रलमध्ये घोळ आहे. एक-फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांचा करंट मोजतो आणि जो जास्त त्यावर युनिट धरतो. वाड्यात भावाभावांचे मीटर वेगळे झाले पण न्यूट्रल एकच राहिला, तर एकाच्या मीटरवर दुसऱ्याचाही वापर चढतो. बेळगाव शहरातल्या जुन्या वाड्यांत वाटणीनंतर हे बऱ्याचदा सापडतं, आणि दोष मात्र नव्या मीटरला जातो.

११. गिझर दुपारी लावून सकाळी अंघोळ करता येईल का?

गणित बघा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १.१६ युनिट लागतात, १५ लिटरला ०.७. प्रश्न ६ मधल्या दरांनी दुपारी तापवलं तर २५ लिटरमागे जेमतेम १ रुपया ३५ पैसे वाचतात. पाणी सकाळपर्यंत चौदा-पंधरा तास टाकीत निवत राहतं आणि सकाळी पुन्हा तापवावं लागतं, म्हणजे तीही बचत जाते. त्यात सकाळी सातची वेळ महाग नसेल तर सगळा उद्योगच फुकट. संध्याकाळी अंघोळ करणाऱ्यांनी मात्र साडेचारला तापवून ठेवावं, दीड-दोन तासांत फारसं निवत नाही.

ज्यांच्या परसात अजून बंब आहे आणि नारळाच्या झावळ्या आहेत, त्यांनी हा प्रश्न सोडून दिला तरी चालेल.

१२. पाण्याची मोटर टायमरवर टाकली तर चालेल का?

विहीर किंवा बोअर असेल तर चालेल, आणि हलवायला हा सर्वात सोपा वापर आहे. एक अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे एक युनिट घेते. नळाचं पाणी असेल तर वेळ आपल्या हातात नसते. पाणी रात्री आठला आलं तर मोटर आठलाच लावायची.

टायमर २४ तासांचा, बॅटरीवर वेळ टिकवणारा घ्या. स्वस्तातला, पिना दाबायचा यांत्रिक टायमर लाईट गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. पावसाळ्यात आठवडाभरात तो इतका मागे पडेल की मोटर भर संध्याकाळी सुरू होईल. मोटर थेट टायमरवरून चालवू नका. टायमरने कॉन्टॅक्टर (जड करंट पेलणारा, विजेने ओढला जाणारा स्विच) ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर, नाहीतर सुरुवातीच्या जोराच्या करंटने टायमरची टोकं चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. टाकीत फ्लोट स्विच आणि कोरडी मोटर थांबवणारं रिले या दोन्ही गोष्टी हव्यातच. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेल्यावर माणूस समोर नसेल तर मोटर जळायला अर्धा तास पुरतो.

१३. फ्रीज संध्याकाळी बंद ठेवावा का? वॉशिंग मशीन, इंडक्शन?

फ्रीज बंद करू नका. चार तासांत आतलं जेवढं तापतं तेवढं नंतर पुन्हा थंड करावं लागतं, आणि दूध नासलं तर महिन्याची बचत एका दिवसात जाते.

वॉशिंग मशीन हलवायला उत्तम, विशेषतः गरम पाण्यावर चालणारं. उशिरा सुरू होण्याची सोय वापरत असाल तर मध्ये लाईट गेल्यावर ती वेळ लक्षात राहते का, एकदा प्लग काढून बघा. स्वयंपाक मात्र रात्रीचाच. महाग वेळेत इंडक्शनऐवजी गॅस वापरा, एवढंच. भाकरी दुपारी करून ठेवा असं कोणी सांगणार नाही.

आणखी एक गंमत: देखभालीसाठी जाहीर होणारी वीजबंदी बहुधा दिवसाचीच असते. स्वस्त वेळेवर सगळं टाकलं तर त्या दिवशी धुणंही राहतं आणि टाकीही रिकामी.

१४. इन्व्हर्टरची बॅटरी दुपारी भरून संध्याकाळी वापरली तर?

तोट्यात जाल. शिशाच्या बॅटरीत भरताना आणि परत काढताना वीज वाया जाते. एक युनिट वापरायला साधारण १.४ युनिट भरावे लागतात. ४.६४ गुणिले १.४ म्हणजे ६ रुपये ५० पैसे. महाग वेळेचा थेट दर ६.३८. शिवाय रोज रिकामी केल्याने बॅटरीचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टर लाईट गेल्यावरच वापरावा.

१५. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. चार्जिंग कधी करायचं?

३ किलोवॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे साडेतीन युनिट. महिन्यात दहा वेळा भरली तर ३५. गृहज्योतीवर असाल तर वेळेपेक्षा एकूण आकडा बघा. आधीच १७५ युनिट असलेलं घर स्कूटरमुळे २१० वर जातं, आणि पुढे काय होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. २०० च्या वर असाल आणि वेळेप्रमाणे दर असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी, नाहीतर महाग वेळ संपल्यावर झोपताना लावा. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग नको.

१६. सगळं जड काम दुपारीच टाकलं तर काही अडचण?

आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. गिझर २ किलोवॅट, मोटर १, वॉशिंग मशीन २, गाडीचा चार्जर ३.३: एकदम चालले तर ८.३ किलोवॅट. मंजूर भार ३ असेल तर मीटर ही कमाल मागणी नोंदवून ठेवतो. जुना मीटर ती बहुधा कोणी वाचतच नसे, स्मार्ट मीटर आपोआप पाठवतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्या महिन्याचं बिल प्रत्यक्ष नोंदलेल्या मागणीवर होतं. आणि आर्थिक वर्षात तीनदा मंजूर भार ओलांडला गेला तर ओलांडलेल्या महिन्यांतल्या सर्वात कमी आकड्यावर तुमचा भार वाढवला जातो. वाढलेल्या प्रत्येक किलोवॅटला महिन्याला १४५ रुपये. प्रश्न ६ मधली ८१ रुपयांची बचत इथेच बुडते.

उपाय साधा: मोटर सकाळी दहाला, धुणं बाराला, गिझर साडेचारला. एकामागून एक, एकदम नाही. मीटर बसण्याआधीच्या काळातल्या जादा मागणीबद्दल दंड लावता येत नाही, तेही लक्षात ठेवा.

१७. छपरावर सोलर आहे किंवा बसवायचं आहे. मग?

सोलर असेल तर स्वस्त दुपारचा फायदा तुमच्यासाठी कमीच, कारण दुपारी तुम्ही मुळात ग्रीडची वीज घेत नाही. उलट तुमची जादा वीज त्याच स्वस्त वेळेत बाहेर जाते. दुहेरी मीटर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगळे नोंदवतो. दुपारी दिलेला युनिट संध्याकाळी घेतलेल्या युनिटातून पूर्ण वजा होणार की नुसता दुपारच्या खात्यात, हा प्रश्न करारावर सही करण्याआधी लेखी विचारा. सगळा हिशेब यावर फिरतो.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. दरमहा ३०० च्या वर वापर असलेल्या घराने आधी याचा विचार करावा, दिवस-रात्रीच्या मीटरचा नंतर.

१८. लाईट गेल्यावर मीटरचं घड्याळ बंद पडतं का? रीडिंग जातं का?

नाही. रीडिंग स्मृतीत राहतं आणि घड्याळ आतल्या छोट्या लिथियम बॅटरीवर चालतं. वर्षानुवर्षांनी ती संपली तर वेळ चुकायला लागते. दर दोन-तीन महिन्यांनी पडद्यावरची वेळ बघत जा. दहा मिनिटांहून जास्त फरक दिसला तर फोटो काढून कळवा.

१९. भाडेकरू ठेवला आहे, मीटर एकच आहे. वेळेप्रमाणे पैसे कसे वाटायचे?

साधा सब-मीटर वेळ मोजत नाही, त्यामुळे अचूक वाटणी होत नाही. महिन्याचा सरासरी दर काढा: एकूण वीज आकार भागिले एकूण युनिट. त्याच दराने भाडेकरूचे युनिट धरा. भाडेकरू दिवसभर घरी आणि तुम्ही बाहेर असाल तर तो म्हणेल की स्वस्त युनिट माझेच आहेत, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल. वेगळी जोडणी घेता आली तर उत्तम. भाडेकरूलाही गृहज्योतीची नोंद करता येते.

२०. शेतातलं घर, घरातली पिठाची गिरणी किंवा माग, यांना हे लागू होतं का?

वर्ग वेगळा, नियम वेगळे. गिरणी आणि यंत्रमाग एलटी-५ मध्ये येतात. त्यांचा आर.आर. नंबर घरापेक्षा वेगळा हवा. वडगाव, खासबाग भागात घर आणि माग एकाच छपराखाली असतात, तिथे घरगुती मीटरवर माग चालवला तर वर्ग चुकीचा धरून मागच्या तारखेपासून वसुली होऊ शकते. मागांसाठी सरकारी सवलत आहे, तीही माग स्वतंत्र नोंदलेला असेल तरच.

शेतातल्या पंपाला केंद्राचा वेळेप्रमाणे दराचा नियम लागू नाही. पंपाची तीन-फेज वीज ठरावीक तासच येते. त्या फीडरवरच घर असेल तर वेळ निवडायची मुभाच उरत नाही. घरासाठी वेगळी एक-फेज जोडणी मागा. निरंतर ज्योतीचा फीडर (पंपांपासून वेगळी, घरांसाठीची वीजवाहिनी) जवळ असेल तर मिळते.

२१. तक्रार केली, कोणी दाद देत नाही. पुढे काय?

आधी १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, मग सब-डिव्हिजनमध्ये लेखी. वापर आणि रीडिंग जुळत नाही अशी तक्रार असेल तर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पाच दिवसांत दुसरा तपासणी मीटर बसवावा लागतो आणि तो किमान तीन महिने ठेवून पडताळा करावा लागतो. अर्जात हा नियम लिहा, टेबलापलीकडचा माणूस कागद पुन्हा वाचतो. प्रश्न १० मधल्या मोजणीचा व्हिडिओ आणि प्रश्न ९ मधले फोटो सोबत जोडा.

तरी उपयोग झाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर बेंगळुरूचा वीज लोकपाल. तोपर्यंत वादातलं बिल पूर्ण थांबवू नका. मागच्या महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम 'वाद कायम ठेवून' असं पावतीवर लिहून भरा, म्हणजे लाईनमन जोडणी तोडायला दारात उभा राहिला तर दाखवायला हातात कागद असेल.